आर्ट डेको इमारतीतल्या हॉटेलात आईला घेऊन राहायचंय, खोली कशी निवडू?

गंगापूररोडकर

प्रश्न मुंबईच्या हॉटेलाचा आहे आणि टाकतेय नाशिककरांत, कारण मुंबईच्या नातेवाइकांना विचारलं की "हॉटेल कशाला, आमच्याकडे उतरा ना" यापुढे गाडी सरकत नाही.

आई ७६ वर्षांची. माहेर दादरचं, हिंदू कॉलनीतलं. तिसरा मजला, कोपऱ्यावर गोल वळलेली बाल्कनी, खिडक्यांच्या डोक्यावरून एका ओळीत फिरलेले छज्जे, जिन्याला हिरवट मोझॅक. ती इमारत पाडून तिथे टॉवर झाला. मामाला ऐसपैस फ्लॅट मिळाला, आई वास्तुशांतीला गेली, जेवली, आणि घरी आल्यावर चार दिवस एकच विषय: "जिना कुठे गेला?" तेव्हापासून तिच्या मनात आहे की तशा, म्हणजे आर्ट डेको (तीस-चाळीस सालची, गोल बाल्कन्यांची शैली) इमारतीत एक-दोन रात्री राहायचं. पाहुणी म्हणून नाही. पैसे देऊन, आपली खोली घेऊन.

चर्चगेट, मरीन ड्राइव्ह, कुलाबा या पट्ट्यात त्या काळच्या इमारतींत हॉटेलं आहेत. काही जुनी तशीच चाललेली, काही अलीकडे दुरुस्त करून 'बुटीक' झालेली. एक मी हेरून ठेवलंय. नाव देत नाही, नाहीतर अख्खा धागा त्याच्या रिव्ह्यूवर जाईल. फोटोत सगळं देखणं आहे: जाळीच्या दाराची लिफ्ट, गोल आरसा, पितळी दिवे. पण फोटोंवरून माझ्या कामाचं काहीच कळत नाही.

आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय. सपाटीवर ठणठणीत, गोदापार्कला माझ्यापुढे चालते. पायरी उतरताना मात्र हात लागतो. झोप सावध. आमच्या गल्लीत कुणी स्कूटर सुरू केली तरी उठून बसते. तिचे स्वतःचे तीन प्रश्न आहेत: पलंग किती उंच, बाथरूममध्ये धरायला काही आहे का, आणि सकाळी साडेपाचला चहा मिळेल का. माझे म्हणजे, समुद्राकडची खोली घ्यायलाच हवी का? भाड्यात बराच फरक आहे. आणि 'रिस्टोअर केलेली इमारत' असं लिहितात तेव्हा नेमकं काय केलेलं असतं?

नवरा म्हणतो एवढ्या पैशांत बीकेसीत चकाचक हॉटेल मिळेल. मिळेल, पण त्यात जायचंय कुणाला?

मिसळ_आणि_मठ्ठा

समुद्राकडची नका घेऊ. राणीचा रत्नहार (मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची रांग) बघायला छान, उशाशी घेऊन झोपायला नाही. रात्री एकपर्यंत गाड्या, मग मोटारसायकलींच्या शर्यती, आणि पाचपासून फिरायला येणाऱ्यांचा गलबला. आम्ही एका जुन्या इमारतीतल्या हॉटेलात उतरलो होतो. खिडक्या लोखंडी फ्रेमच्या, दिसायला झकास, पण वारा सुटला की रात्रभर खडखड. शेवटी वर्तमानपत्राच्या घड्या करून फटींत कोंबल्या. बायको अजून सुनावते.

जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा. आपल्याकडे निफाडला पारा उतरलेला असतो तेव्हा तिकडे नुसत्या चादरीवर भागतं.

जुना_ओव्हरसियर

ताई, माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी बांधून बिघडवलेल्या इमारती सावरण्यात गेलं. निवृत्तीनंतर मेहुण्याच्या कंत्राटावर मुंबईत काही कामं पाहिली, त्यातलं एक चर्चगेटजवळचं होतं. वरच्या दोन मजल्यांवर लॉज होता, त्याचं हॉटेल करायचं होतं. तेव्हा जे दिसलं ते सांगतो.

सगळ्यात आधी बाथरूमची पायरी. यावर कुणी बोलत नाही.

त्या काळच्या फ्लॅटमध्ये संडास-मोरी मागच्या अंगाला, एकावर एक, आणि त्यांना लागून सफाईवाल्यासाठी लोखंडी गोल जिना. पुढच्या खोल्या कोरड्या. आता हॉटेल म्हटलं की प्रत्येक खोलीला आपलं बाथरूम लागतं. म्हणजे पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात ते बसवायचं आणि तिथून घाणीचा पाइप मागच्या उभ्या लाइनीपर्यंत न्यायचा. नव्या बांधकामात बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम खाली धरलेला असतो, पाइप आणि ट्रॅप (वास अडवणारं पाण्याचं वळण) त्यात लपतात. जुन्या स्लॅबला ती सोय नाही, आणि तो तोडायला कुठलाही शहाणा इंजिनिअर हात लावू देणार नाही. मग बाथरूमची जमीनच वर उचलतात. चार इंची पाइपाला ४० ला १ उतार धरा, दहा फुटांत तीन इंच नुसत्या उतारात गेले. वर ट्रॅप, वर भर, वर लादी. झाली सहा ते नऊ इंचांची पायरी, आणि तीही दाराच्या उंबऱ्याशी, जिथे पाय टाकायला पुरती जागा नसते.

फोटोत ही पायरी कधीच दिसत नाही, कारण फोटो काढणारा आत उभा राहून काढतो. तुमच्या आई रात्री दोनला उठणार, दिवा न लावता जाणार, आत चढताना ठीक, बाहेर येताना तो उजवा गुडघा आधी खाली. हॉटेलला फोन कराल तेव्हा रिसेप्शनला विचारू नका, त्यांना माहीत नसतं. हाउसकीपिंगच्या माणसाला फोन द्यायला सांगा आणि विचारा, "दाराशी पायरी आहे का, आणि किती इंच?" रोज पोछा मारणारा माणूस बोटावर मोजून सांगतो.

आता यातली गंमत बघा. ज्या खोल्या मूळच्या मोऱ्यांना लागून, म्हणजे इमारतीच्या मागच्या बाजूला आहेत, तिथे बाथरूम जागच्या जागी असतं. पाइप लांब न्यावा लागत नाही, त्यामुळे जमीन उचलावी लागत नाही. मागची बाजू म्हणजे रस्त्याचा आवाजही कमी. आणि भाडंही कमी, कारण समुद्र दिसत नाही. लोक ज्या खोलीला नाक मुरडतात तीच तुम्हाला हवी आहे.

लिफ्टचं म्हणाल तर जाळीच्या दाराची लिफ्ट चालू असेल तर चांगलीच असते, जुन्या कामाला मरण नाही. पण तीत तीन माणसं म्हणजे खरोखर तीनच, आणि बॅग आली तर दोन. शिवाय इमारतीचा जोता उंच असतो. फुटपाथवरून लिफ्टपर्यंत पोचायलाच चार-पाच पायऱ्या. तिथे कठडा आहे का ते विचारा.

तुमचा शेवटचा प्रश्न, काय रिस्टोअर केलं असेल. खोली बघून काही कळत नाही. प्लायवूड, गोल आरसा आणि पितळी दिवे लावले की कुठलीही खोली १९३५ ची होते. जिना बघा. खोल्या चार वेळा फोडतात पण जिन्याला कुणी हात लावत नाही, त्यामुळे मूळ काम उरलं असेल तर तिथेच. जुना टेराझो जागेवर ओतलेला असायचा. सिमेंटच्या रंगीत गिलाव्यात संगमरवराचे दाणे, मध्ये पितळी पट्ट्या, मग दगड फिरवून घासून घासून आणलेली चकाकी. दाणा लहानमोठा मिसळलेला असतो. आणि जिथे पायरी भिंतीला मिळते तिथे काटकोन नसतो, गोल वाटा मारलेला असतो, लादीच भिंतीवर वळून चढते. तिथून बोट फिरवून बघा, सांधा लागत नाही. नव्या टाइलमध्ये हे जमत नाही, म्हणून नवं काम तिथेच उघडं पडतं.

आणखी एक. या सगळ्या इमारती आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या आहेत आणि समोर समुद्र. खारा वारा काँक्रीटमध्ये मुरतो, सळईला गंज चढतो, गंज सळईपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट ढकलून पोपडे काढतो. छज्जे आणि बाल्कन्या आधी जातात, कारण तिथे सळईवरचं आवरण पातळ. त्यामुळे ही कामं संपत नाहीत, आज ना उद्या प्रत्येकीला परांची लागते. बुकिंगआधी विचारून घ्या, नाहीतर खिडकी उघडली की समोर बांबू, हिरवी जाळी आणि सकाळी आठपासून छिन्नी.

रेघोटी

ओव्हरसियरकाका, पायरीचं वाचून माझ्या सगळ्या वर्गमित्रांना पाठवलं. आम्हाला आर्किटेक्चरला पाच वर्षांत हे कुणी सांगितलं नाही.

मागच्या खोलीबद्दल मात्र थोडं थांबा. हेरिटेज इमारतीच्या दर्शनी भागाला एसीची यंत्रं सहसा टांगता येत नाहीत, म्हणून ती सगळी मागच्या चौकात किंवा डक्टमध्ये टाकतात. मजल्यागणिक सहा-सात यंत्रं एकाच अरुंद चौकात घरघरत असतील तर समुद्राकडची खोली बरी म्हणायची वेळ येईल. तेव्हा गंगापूररोडकर ताई, विचारताना "मागची खोली" एवढंच म्हणू नका, तिची खिडकी कशावर उघडते ते विचारा. मागच्या गल्लीवर उघडणारी चालेल, चौकावर उघडणारी नको. आणि शक्यतो वरचा मजला.

रिस्टोअरचं असं आहे. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत, इमारतींना श्रेणी दिलेल्या आहेत. खालच्या श्रेणीत जोर असतो तो बाहेरच्या रूपावर, परिसराशी मेळ राहण्यावर. आत मालकाला बरीच मोकळीक. त्यामुळे बाहेरून शंभर टक्के अस्सल आणि आतून कालचं, असं सर्रास सापडतं. त्यात फसवणूक नाही, पण तुमच्या आईला जे हवंय ते आत आहे. काकांचा जिन्याचा निकष मला पटला.

शिवाय आईंना सांगा, दोन रात्रींतला एक दिवस बाहेर काढायचा. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, टोकदार कमानींचा सगळा दगडी पसारा. पश्चिमेला वळलं की गोल बाल्कन्या आणि फिके रंग. या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्ह धरून ९४ इमारती २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. त्या पश्चिमेच्या रांगेत एम्प्रेस कोर्ट आहे, जी. बी. म्हात्र्यांची. मरीन ड्राइव्हवरचं १९३७ चं सूना महलही त्यांचंच. आपल्याकडे हे नाव कुणाला ठाऊक नसतं याचा मला राग येतो. तिथून फोर्टात न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत बघा, १९३६ ची, मास्टर, साठे आणि भूता यांची. दर्शनी भागावर शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बायका दगडात उठवलेल्या आहेत, उंचीला दोन माणसांएवढ्या वाटतात. शिल्पकार ना. ग. पानसरे. वर मान करून बघावं लागतं, तेव्हा आईंना रस्त्यापलीकडे उभं करा.

द्राक्षबागेतून

एवढा खर्च करायचाच तर जोधपूरला उमेदभवनात जा की. आर्ट डेकोचा राजवाडा आहे, एका भागात हॉटेल आहे, पायरी-बियरी असेल तर चार माणसं उचलून नेतील.

जुना_ओव्हरसियर

उमेदभवन दुष्काळी काम म्हणून १९२९ ला सुरू झालं, पुरं व्हायला १९४३ उजाडलं. तिथे जागेचा प्रश्नच नव्हता, टेकडीच घेतली होती. दादरच्या तिसऱ्या मजल्याची आठवण काढणाऱ्या बाईंना तिथे काय मिळणार? शिवाय तुमची बाग विकावी लागेल.

मुलीकडे_जाऊन_आलो

विषयाला जरा फाटा फोडतो. मुलगी न्यूझीलंडला असते, तिने आम्हाला नेपिअरला नेलं होतं. अख्खं गावच आर्ट डेको. ३ फेब्रुवारी १९३१ ला ७.८ चा भूकंप झाला, गाव पडलं, उरलेलं आगीत गेलं, २५६ माणसं दगावली. मग दोन-चार वर्षांत सगळं एकदम बांधून काढलं, आणि तेव्हाची चालती शैली हीच होती. स्वस्तात काँक्रीटमध्ये होत होती, आणि भूकंपात डोक्यावर पडेल अशी वरची नक्षी तीत नव्हती. जमीनही उचलली गेली, काही ठिकाणी दोन मीटरपेक्षा जास्त, जिथे पाणी होतं तिथे आज विमानतळ आहे.

आम्ही त्या काळच्याच एका इमारतीतल्या हॉटेलात राहिलो. बहुतेक इमारती दोन मजली, त्यामुळे जिन्याची दगदग नाही. पण तुमच्या कामाचं एक सांगतो. खोलीत मोठे दिवे कमी आणि भिंतीवरचे शंखासारखे मंद दिवे जास्त. दिसायला सुंदर, पण मला चष्मा सापडेना आणि सौंना औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचता येईना. जुन्या थाटाच्या हॉटेलांत हा प्रकार सगळीकडे असणार. आईंसाठी एक छोटा रात्रीचा दिवा घरून न्या, प्लगमध्ये खोचायचा. काकांच्या त्या पायरीवरही उजेड पडेल.

फेब्रुवारीत तिथे उत्सव असतो, लोक जुन्या मोटारी काढून तीस सालचे कपडे घालून हिंडतात. आमच्या सौ नऊवारीत होत्या, चार जणांनी फोटो मागितले.

गंगापूररोडकर

सगळ्यांना धन्यवाद. आज दुपारी फोन केला. रिसेप्शनच्या मुलीने पायरीच्या प्रश्नाला "मॅडम, ऑल रूम्स आर व्हेरी कम्फर्टेबल" असं तीनदा उत्तर दिलं. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे हाउसकीपिंगला द्यायला लावला. कोकणातले गृहस्थ निघाले. म्हणाले, "पुढच्या सगळ्या खोल्यांना पायरी आहे, वीतभर. मागच्या तीन खोल्यांना नाही, पण त्या कोणी मागत नाही." वीतभर म्हणजे काकांचे नऊ इंच! मागच्या तीनपैकी दोन चौकावर आहेत, एक गल्लीवर. रेघोटीचं न वाचता फोन केला असता तर मी चौकावरची घेऊन मोकळी झाले असते.

गल्लीवरचीच घेतली, तिसरा मजला. पलंगाची उंची त्यांनी टेपने मोजून सांगितली, २२ इंच, आई म्हणाली चालेल. धरायला दांडा शॉवरशी आहे, कमोडशी नाही. चहाची किटली खोलीत आहे, त्यामुळे साडेपाचचा प्रश्न सुटला. दुधाच्या पुड्या मात्र आई तोंडात घेणार नाही, ते बघू. प्रवेशापाशी पाच पायऱ्या, एका बाजूला कठडा. परांची नाही, गेल्या वर्षीच उतरली म्हणे.

आणि मागची खोली ७५०० च्या आत बसल्यामुळे जीएसटी ५ टक्के लागला. समुद्राकडचीवर १८ टक्के होता. नवरा यावर खूश आहे, इमारतीचं त्याला सोयरसुतक नाही.

समुद्राचं मी आईला भीतभीत सांगितलं. ती म्हणाली, "हिंदू कॉलनीतून कुठे दिसत होता?"

आता एकच राहिलं. जाताना पंचवटी एक्स्प्रेस की आपली मोटार? समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून आमण्यापर्यंत सरळ झालाय, पण पुढे भिवंडी-ठाण्याचं काय ते सगळ्यांना माहीत आहे.

मिसळ_आणि_मठ्ठा

पंचवटी. आईंना खिडकी द्या, कसाऱ्याच्या घाटात बोगदे मोजू द्या. फक्त नाशिकरोडला वेळेआधी पोचा, सकाळी तिथे पार्किंगला जागा मिळत नाही. सीएसएमटीला उतरून टॅक्सी करा. हॉटेलं खोली दुपारीच देतात, तर बॅगा ठेवून आधी ओव्हल उरकून घ्या. ऊन वाढायच्या आत होईल.

रेघोटी

टॅक्सी इरॉस सिनेमावरून न्यायला सांगा. १९३८ चं आहे, ओव्हलच्या कोपऱ्यावर. लाल दगड आणि क्रीम रंगाचे थर एकावर एक चढत गेलेले दिसतात. आणि वेळ उरला तर एक दुपार शिवाजी पार्कला द्या. तिथे मैदानाभोवती अजून काही जुन्या इमारती उभ्या आहेत, नावं दर्शनी भिंतीवर सिमेंटच्या अक्षरांत. आईंच्या माहेरासारखं ओव्हलपेक्षा तिथेच जास्त सापडेल. उशीर नका करू, तिथेही पुनर्विकासाचे फलक लागायला लागलेत.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा. जुन्या पंडित कॉलनीत, टिळकवाडीत गोल बाल्कनीचे बंगले होते, आता प्रत्येक फेरीत एक कमी दिसतो. सिंहस्थाच्या तोंडावर नाशकात इतकी हॉटेलं उभी राहतायत, त्यातल्या एकाने तरी असा बंगला पाडण्याऐवजी घेऊन दाखवावा.

जुना_ओव्हरसियर

बंगला घेऊन हॉटेल करणं टॉवरपेक्षा किफायतशीर आहे असं मालकाला कुणी गणित मांडून दाखवलं तर घेतील. तळमजला आणि एक मजला, त्यात सहा खोल्या निघतात, सहा खोल्यांत पगार निघत नाहीत. मी एकाला आराखडा करून दिला होता, त्याने चहा पाजला आणि बिल्डरला फोन लावला.

ताई, जमलं तर तिथून जिन्याचा एक फोटो टाका. वरून नको, खालच्या पायरीशी वाकून तिरका काढा, म्हणजे पितळी पट्टी आणि भिंतीचा वाटा दोन्ही एकात येतील. फ्लॅश बंद ठेवा, चकाकीत दाणा दिसत नाही.